तीस पावलं मागे

गाडी रुतली की त्या पाड्यांवर अख्खं गाव धावतं आणि जो तो हात लावतो. लांब उभा राहून बघणारा माणूस तिथे जन्माचा उपरा ठरतो.

ललिताने या मायेची धास्तीच घेतली होती. मागच्या पावसाळ्यात अशीच माया दाटली. रुतलेल्या जीपला बैलगाडीची साखळी बांधली, ट्रॅक्टरने ओढ दिली, साखळी तुटली आणि आकडा तिच्या भावाच्या, जगदीशच्या गुडघ्यात बसला. आजाऱ्यांना पिंपळनेरला पोचवणारा एकुलता एक ड्रायव्हर स्वतःच खाटेवर पडला. तेव्हापासून गावाची जीप उभी आणि किल्ली गावकारभार बघणाऱ्या जीवराम आबांच्या बंडीच्या खिशात. ललिताने लायसन काढलं तरी आबांचा एकच हेका होता: चालवशील गं, पण रुतली तर काढशील का?

म्हणून धुळ्याच्या जितेंद्रने चार पाड्यांच्या ड्रायव्हरांसाठी नदीच्या पात्रात रुतलेली गाडी काढण्याची शिकवणी ठेवली, तेव्हा ललिता सर्वांत आधी हजर होती. किल्ली मिळाली होती ती फक्त त्या दिवसापुरती.

जितेंद्रने आपली गाडी मुद्दाम वाळूत पोटापर्यंत रुतवली आणि तो आत बसला. ललिताने चाकांपुढची वाळू उपसली, टायरांची हवा कमी केली. ओढायचा पट्टा बंपरला न लावता दोन्ही गाड्यांच्या चासीच्या हुकांत अडकवला आणि मधोमध ओलं पोतं टाकलं. तुटलाच तर उसळू नये म्हणून. मग माणसांना तीस पावलं मागे पिटाळलं आणि गावाच्या जीपमध्ये बसून इंजिन सुरू केलं. सगळे कुरकुरत गेले. आबा मात्र पुढे आले आणि पट्ट्यावर हात ठेवून उभे राहिले. गावाचा मोठा माणूस लांब कसा राहणार!

यांना दुखावलं तर किल्ली गेलीच. तरी ललिताने इंजिन बंद केलं आणि ती खाली उतरली.

"आबा, तुम्ही तठे उभा शेतस तोवर मी गाडी वढाव नही."

आबांचं तोंड एवढंसं झालं. ते पाय ओढत मागे गेले. ललिताने सावकाश ओढ दिली, गाडी वाळू सोडून वर आली. पट्टा शाबूत होता.

"काहीच तर नही व्हयनं," आबा फणकारले.

"तेच पाहिजे व्हतं, आबा. जगदीशनी येळले बठ्ठं गाव जवळच उभं व्हतं."

जितेंद्रने गाडी पुन्हा रुतवली. आता पाळी पलीकडच्या पाड्याच्या नवलची होती. त्याची माणसं पट्ट्याकडे सरसावली तोच आबा दोन्ही हात पसरून आडवे झाले.

"मांगे व्हा बठ्ठा. हाई बी हात लावनंच शे."

उन्हं कलली तरी ते तसेच उभे होते. ललिता किल्ली परत द्यायला गेली, तर आबा तिच्याकडे न बघताच खेकसले, दोन्ही हात गुंतलेत, दिसत नाही का? ठेव तुझ्याजवळच.