पोस्टरवरचं नाक

मी गंज तयार करतो. म्हणजे लोखंडाच्या गंजाचे इतके बारीक कण, की त्यांच्यापुढे धुळीचा कण डोंगर वाटावा. आणि रक्ताने त्यांना परकं समजू नये म्हणून वर साखरेच्या जातीचं आवरण. हे तपकिरी पाणी शिरेतून सोडलं की तासन्‌तास रक्तात फिरत राहतं आणि एमआरआयमध्ये मेंदूतल्या बारीकसारीक रक्तवाहिन्याही उजळून निघतात. माझं काम बाटलीपर्यंत. पुढे माणसांत सोडून चित्रं काढायचं काम धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचं. त्यांना सगळे डॉक्टरच म्हणतात, बहीणसुद्धा.

अभ्यासाला निरोगी स्वयंसेवक कमी पडले तेव्हा डॉक्टर म्हणाले, दादा, स्वतःच्या हातचं एकदा स्वतः चाखून बघा की. मी मशीनमध्ये आडवा झालो. बाहेर आल्यावर विचारलं, मेंदू सापडला का? डॉक्टर हसले नाहीत. विनोद जुना झाला असावा असं मी समजलो.

त्यानंतर बहीण एकाएकी प्रेमळ झाली. माझ्या हातातली पिशवी काढून घ्यायची, जिन्यात थांबवून दम खायला लावायची, जेवायला बोलावलं की मीठ बेताचं. आणि मधूनच फोन करून, डोकं दुखत नाही ना? लहानपणी तिने माझ्याच डोक्यात पाटी फोडली होती, तेव्हाही हा प्रश्न आला नव्हता. मी भारावलो. वय झालं की माणसाला माया सुचते, असं बायकोला म्हणालोही. बायको म्हणाली, तुमच्या बहिणीला?

परवा बाटली पोचवायला इस्पितळात गेलो, तर लिफ्टजवळ डॉक्टरांच्या संशोधनाचं पोस्टर. पहिलं बक्षीस, कोपऱ्यात निळी फीत. मधोमध एका डोक्याचं बाजूने घेतलेलं चित्र, आत रक्तवाहिन्यांचं अख्खं झाड पांढरंशुभ्र. एका फांदीवर मसुराएवढा फुगा, त्याकडे पिवळा बाण. खाली लिहिलं होतं: रुग्ण, पुरुष, कसलीही तक्रार नसताना सापडलेला धमनीचा फुगवटा. कणांनी काय काम केलंय, म्हणून मी खूश झालो. मग त्या बिचाऱ्याची कीव आली. मग त्याचं नाक दिसलं.

ओळख पटू नये म्हणून अशा चित्रांतून चेहरा पुसतात. ते काम संगणक करतो, आणि संगणकाने बेताची नाकंच पाहिलेली असतात. आमच्या वडिलांकडून आलेलं नाक त्याच्या हिशेबात बसलं नव्हतं. चेहरा गेला होता, टोक तेवढं हवेत लटकत होतं, खाली वळलेलं, पोपटाच्या चोचीसारखं. रोज दाढी करताना मी त्याला वळसा घालतो. निरोगी स्वयंसेवकावरून रुग्ण अशी मला बढती मिळाली होती, फक्त कळवायचं राहून गेलं होतं.

तसाच डॉक्टरांच्या खोलीत जाऊन विचारलं. डॉक्टर आधी म्हणाले, नाकं सारखी असतात. मग म्हणाले, फुगा लहान आहे. तेव्हाच सांगितलं असतं तर अभ्यासाला परवानगी देणाऱ्या समितीने विचारलं असतं, हा कणांमुळे तर नाही ना, आणि सगळं काम ठप्प झालं असतं. तुमचंही, दादा.

"आणि फुटला असता तर?"

"म्हणून तर हिला लक्ष ठेवायला सांगितलं होतं."

पिशवी, जिना, मीठ. वर्षभराची माया एका वाक्यात पथ्यपाणी होऊन गेली.

संध्याकाळी बहिणीकडे गेलो. दार उघडताच तिने सवयीने माझ्या पिशवीला हात घातला. मी सोडली नाही. तिला कळलं.

"बक्षिसापर्यंतच थांबायचं होतं रे," ती म्हणाली. "मला रात्र-रात्र झोप लागत नव्हती."

"मला लागत होती," मी म्हणालो आणि जिना उतरलो, न थांबता.

मेंदूच्या सर्जनबाईंनी चित्र पाहिलं आणि वडील कसे गेले ते विचारलं. बोलता बोलता डोक्यात कळ आली आणि गेले, मी सांगितलं. बाई म्हणाल्या, मग हे घराण्यातलं असू शकतं; सख्खी भावंडं असतील तर त्यांचीही तपासणी लगेच करून घ्या. मेंदूचा कुठलाही डॉक्टर तुम्हाला हेच सांगेल.

मी तिथूनच बहिणीला फोन लावला. मला कुठलं बक्षीस यायचं नव्हतं, त्यामुळे थांबण्याचं कारण नव्हतं. बाई जे म्हणाल्या ते तसंच्या तसं सांगितलं.

"दादा, हे डॉक्टरांना माहीत असेल ना?"

"घरातच आहेत ना ते," मी म्हणालो. "विचार."