वाळू, पाणी आणि मासा

गवंड्याच्या सायकलवरून काय काय गेलं नव्हतं! सिमेंटची पोती, खिडकीची चौकट, एकदा तर अख्खं बेसिन. म्हणून मेहुणे गेल्यावर थोरल्या बहिणीला कायमचं आपल्या घरी आणायचं ठरलं, तेव्हा तिचा मासा कसा न्यायचा हा प्रश्न त्याला अगदीच किरकोळ वाटला.

मासा मेहुण्यांचा. वीतभर लांब, केशरी, म्हातारा. ताईने भांडीकुंडी वाटून टाकली, मासा तेवढा ठेवला. तो वाटेत मेला असता, तर नवऱ्याचं म्हणावं असं तिच्याकडे काहीच उरलं नसतं.

गवंडी पडला चोख माणूस. बादली हँडलला टांगली तर गुडघ्याला लागणार, एका अंगाला बांधली तर तोल जाणार. मागचं कॅरिअरच बरं. खात्री करायला त्याने पाण्याच्या वजनाइतकी वाळू बादलीत भरली, जुन्या ट्यूबने बादली आवळली आणि गल्लीत चक्कर मारून आला. कण सांडला नाही.

"बघ! तू मागून चालत ये निवांत," तो म्हणाला.

मग वाळू ओतली, बादली धुतली, मासा पाण्यासकट तिच्यात सोडला, वर फडकं बांधलं. पहिल्याच वळणावर पाणी एका बाजूला धावलं आणि त्याच्या मागोमाग सायकल. पाय टेकला म्हणून निभावलं, पण निम्मं पाणी रस्त्यावर गेलं.

ताई धापा टाकत आली. आधी तिने फडक्याखाली पाहिलं.

"आहे," ती म्हणाली. मग भावाकडे वळली. "वाळू बसून राहते रे. पाणी कधी एका जागी बसतं का? शहाणा कुठला!"

गवंडी बादलीची ट्यूब सोडायला लागला.

"मी मागे बसते. बादली मांडीवर धरते."

"पडलीस म्हणजे?"

"तू चालव गुमान."

तो निघाला. पाणी डावीकडे गेलं की ती बादली उजवीकडे कलती करायची, खड्डा आला की उचलून धरायची. त्याला मागचं काही दिसत नव्हतं, नुसतं तिचं पुटपुटणं ऐकू येत होतं. ती माशाशी बोलत होती.

दारात उतरली तेव्हा ती कमरेपासून ओलीचिंब होती आणि मासा शेपटी हलवत होता. तिला हसू आवरेना. हसता हसता डोळे भरले.

"हा आणला ना, तेव्हाही मी म्हटलं होतं, मागे बसते, धरते. हे म्हणाले, पडशील, तू मागून चालत ये."

तिने फडकं पिळलं.

"मग काय, जन्मभर चाललेच."