क्रियापदाची दुरुस्ती

तस्लीमआपांचं पत्र येऊन चार वर्षं झाली. मी त्याला उत्तर दिलं नाही. त्यांची मागणी एवढीच होती की, त्यांचा मुलगा झोहेब नेमकं काय बोलला होता ते मी लिहून द्यावं. वकिलांच्या मते दुसऱ्या कुणाच्या लिहिण्याला किंमत नव्हती.

मी काश्मीरातल्या मीरपूरहून इंग्लंडमध्ये, यॉर्कशरच्या या गावात लोकरीच्या गिरणीत कामाला आलो. गिरणी बंद पडल्यावर वाचनालयात चिकटलो आणि दर शनिवारी मशिदीच्या तळघरात मुलांना उर्दू शिकवू लागलो. इथे जन्मलेली मुलं क्रियापदांची पार वाट लावतात. मी दुरुस्त करत राहायचो. झोहेब एकदा म्हणाला होता, "मास्टरजी, मी बुडताना हाक मारली तरी तुम्ही आधी माझं व्याकरण सुधाराल." वर्ग हसला, मीही हसलो.

त्याच वर्गातला वकास मोठा झाल्यावर धर्माच्या नावानं सुरा घेऊन बाजारात शिरला. दोन माणसं गेली. त्याच्या काही महिने आधी तो माझी पुस्तकं परत करायला आला होता. गोष्टी वाचणं हराम आहे, म्हणाला. मला खटकलं होतं, पण मी कुणालाच सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी पोलिसांनी एक ध्वनिमुद्रण आणलं. मी त्यांच्यासाठी अधूनमधून भाषांतरं करायचो. आवाज झोहेबचा होता. तेव्हा तो वीस वर्षांचा, औषधशास्त्र शिकणारा. फोनवर मित्राला सांगत होता, "जुम्म्याला शहादत द्यायची आहे. घरी कळू देऊ नकोस."

शहादत म्हणजे साक्ष, आणि शहादत म्हणजे धर्मासाठी मरणंही. उर्दूत साक्ष 'देतात', असं मरण 'मिळवतात'. झोहेब 'देणं' म्हणाला होता.

मी ते तीनदा ऐकलं. तिन्ही वेळा मला वकास दिसला. मग कागदावर हौतात्म्य असं लिहिलं आणि खाली शेरा मारला, की बोलणाऱ्याची उर्दू कच्ची आहे, क्रियापद चुकलं आहे. अधिकारी बाईंनी विचारलं, "नक्की ना?" आयुष्यात मला कशाचीच खात्री नव्हती. त्या दिवशी मी हो म्हणालो.

झोहेबला पकडलं. खरं तर एका मित्राचा निकाह मुलीच्या घरच्यांपासून लपवून व्हायचा होता आणि झोहेब त्यात साक्षीदार होता. कुणाला सांगणार नाही अशी शपथ घेतलेली, म्हणून पोरगा नऊ दिवस कोठडीत गप्प बसला. शेवटी नवरानवरीच पोलिसांकडे गेली. झोहेब सुटला, पण माझा शेरा नोंदीत तसाच राहिला. त्या नोंदीवरून इस्पितळानं त्याला प्रशिक्षणाला घेतलं नाही. आता तो एका गोदामात खोकी भरतो.

पत्राला उत्तर द्यायला मी कितीदा तरी बसलो. एकेक वाक्य घासायचो आणि फाडून टाकायचो. भाषा हे निमित्त होतं. आपण जाणूनबुजून एकच अर्थ लिहिला, हे मला पोलिसांपुढे कबूल करायचं नव्हतं.

गेल्या आठवड्यात खाटकाच्या दुकानात तस्लीमआपा समोर आल्या. मी मान खाली घातली.

"उत्तर नका देऊ, मास्टरजी," त्या म्हणाल्या. "पण सलाम तरी करत जा. मी काय तुम्हाला खाणार आहे?"

मी कसाबसा सलाम केला. पिशवी सावरत त्यांनी सांगितलं, की झोहेबनं इस्पितळात पुन्हा अर्ज केला आहे. या महिन्याअखेर निकाल. या वेळी नाही झालं तर पुन्हा करणार नाही म्हणतो.

घरी येऊन मी लिहायला बसलो. झोहेबचं क्रियापद बरोबर होतं. मला दोन्ही अर्थ माहीत होते, मी एकच लिहिला आणि त्याचं बरोबर वाक्य चूक ठरवलं. वकासबद्दल एक वाक्य लिहिलं आणि खोडलं. ते खरं होतं, पण सबबीसारखं वाटत होतं. सही करून दोन प्रती केल्या, एक पोलिसांना, एक आपांना.

टपालपेटीत आधी पोलिसांचा लिफाफा टाकला. तो गेल्यावर दुसरा घरी परत नेण्यात अर्थ उरला नसता. मग आपांचा टाकला.