तेचिमानचं दार

भरल्या ताटावर बसून फोनमधल्या परक्या माणसांशी भांडणारा मुलगा आपल्या पोटी कसा आला, हे दुफिएला कधी उमगलं नाही. फुफूचा गोळा गार व्हायचा, सूपावर पाम तेलाचा तवंग गोठायचा, आणि अदुसेईचा अंगठा आपला चाललेलाच.

कुमासीच्या बाजारात दुफिएच्या शब्दाला वजन होतं. तिला विचारल्याशिवाय टोमॅटोवाल्या भाव फोडत नसत. त्याच वजनावर अदुसेईने फोनवरून निरोप धाडायचं आपलं जाळं उभं केलं.

"आई, कंपनीच्या ॲपवर तुम्ही बायका गिऱ्हाईक नाही, माल आहात माल! आमचं तसं नाही. ज्या त्या गावाचं आपलं यंत्र, आणि यंत्रं एकमेकांशी बोलतात. आतली घडण उघडी, कोणीही बघावी, कोणीही दुरुस्त करावी. मालक कोणी नाही."

दुफिएला शेवटचं तेवढं कळलं, आणि तेच आवडलं. तिने बाजारातल्या बायकांना दटावून, चिमटे काढून या जाळ्यावर आणलं. तेचिमान गावच्या पोरांनीही आपलं यंत्र बसवलं. तिथे तिची धाकटी बहीण बिरागो टोमॅटोचे ट्रक भरायची. रोज सकाळी जाळ्यावरून तिचा आवाज यायचा, "ए म्हातारे, माल निघाला. वरच्या पेट्या बघून भुलू नकोस. गुडघे काय म्हणतात?"

एक दिवस तो आवाज थांबला.

ट्रक येत राहिले. दुफिएने चार निरोप धाडले, एकाचं उत्तर नाही. "शेफारली," ती बायकांना म्हणाली. "मी मोठी. मी कशाला फोन लावू?" ट्रकच्या ड्रायव्हरला विचारायचं, तर तेही तिच्या जिभेला जड गेलं.

आणि मग बिरागोची मुलगी पिनामांग दारात उभी राहिली, अंगावर काळं कापड. दुफिएने रीतीप्रमाणे आधी पाणी दिलं. ती पिऊन होईस्तोवर थांबली. मग विचारलं, "काय घेऊन आलीस?"

"आई गेली, मोठी आई. ताप डोक्यात गेला."

"मला कोणी कळवलं का नाही?"

"मी फोन लावते म्हटलं, तर हात धरला तिने. म्हणाली, माझ्या एवढ्या निरोपांना उत्तर नाही. मोठी आहे ती, बोलायचं असेल तर बोलेल."

"कसले निरोप?"

पिनामांगने आईचा फोन पुढे केला. बिरागोचा आवाज घरात घुमला. आधी टोमॅटो, गुडघे, थट्टा. मग थट्टा आटत गेली. शेवटच्याला धाप लागलेली, "दुफिए, माझं काय चुकलं गं? एकदा ये."

अदुसेई उंबऱ्यात ऐकत होता. दुफिएने मान वळवली. "हे माझ्याकडे का आलं नाही?"

"तेचिमानच्या पोरांनी त्या बड्या कंपनीला त्यांच्या यंत्राशी जोडून घेतलं, आई. तत्त्वाचा प्रश्न होता. मी त्यांचं यंत्र तोडून टाकलं."

"तोडलं म्हणजे?"

"तिकडचं इकडे येत नाही. इकडचं तिकडे जात नाही."

"मालक कोणी नाही म्हणाला होतास."

"नाहीच आहे! पण कोणीतरी राखण करावीच लागते. आणि मी सूचना लावली होती, पहिल्याच पानावर. सगळी कारणं दिली होती."

"कुठल्या भाषेत?"

अदुसेईने खाली बघितलं. "इंग्रजीत."

दुफिए उठली. गुडघे कुरकुरले, तिने भिंत धरली. पोराने हात पुढे केला तो तिने झटकला.

"कंपनीने मला साबणाच्या जाहिराती दाखवल्या, पण माझ्या बहिणीचं तोंड नाही कधी दाबलं. ऐक. तिला सजवून निजवतील, तेव्हा लोक निरोप द्यायला रांगेने जातील. सगळ्यांच्या आधी तू जायचंस. तिच्या कानाशी वाकायचं आणि मोठ्याने सांगायचं, दुफिएने अबोला धरला नव्हता, दार मी लावलं होतं. आख्ख्या कुळाला ऐकू गेलं पाहिजे. आणि आपल्या ट्वी भाषेत सांग. मेलेल्या बाईलाही इंग्रजी येत नाही."