पडद्यावरचे बावीस

पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत आम्ही दोघंच. तात्या मुख्य रसायनज्ञ आणि मी त्यांच्या हाताखाली. तात्यांची सही झाली की ते पाणी सगळ्या शहरानं डोळे मिटून प्यावं, असा तात्यांचा ठाम समज होता.

चार महिन्यांपूर्वी नवीन यंत्र आलं. त्याची माहितीपुस्तिका तात्यांनी उघडली नाही, कारण तीस वर्षं तेच काम केलेलं. मी उघडली नाही, कारण मी आळशी आहे. शुक्रवारी दुपारी वीज गेली आणि हातावर हात ठेवून बसायचा कंटाळा आला, म्हणून ती वाचायला घेतली.

अकराव्या पानावर आमची चूक छापलेली होती. जुनं यंत्र पाण्यातलं पूर्ण नायट्रेट दाखवायचं. नवीन यंत्र त्यातला फक्त नायट्रोजन दाखवतं, त्याला साधारण साडेचारनं गुणावं लागतं. पूर्ण नायट्रेटची मर्यादा पंचेचाळीसची. आम्ही दर आठवड्याला पडद्यावरचे बावीस जसेच्या तसे उतरवून पुढे 'योग्य' लिहीत होतो. खरा आकडा शंभराच्या घरात होता. मोठ्या माणसाला तेवढ्यानं लगेच काही होत नाही. बाटलीतल्या पावडरच्या दुधावरचं तान्हं बाळ मात्र निळं पडू शकतं, कारण त्याच्या रक्तातून प्राणवायू नीट वाहत नाही. तात्यांची नात अडीच महिन्यांची होती आणि बाटलीवरच होती.

मी ते पान तात्यांपुढे धरलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि घरी फोन लावला. आवाज मलाही ऐकू येत होता.

"सूनबाई, बाळाला नळाचं पाणी देऊ नकोस. आधी तिचे ओठ बघ बरं, निळसर नाहीत ना?"

"छान गुलाबी आहेत, बाबा. आणि तिला आम्ही पहिल्यापासून विकतचंच पाणी देतो. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

तात्यांचा जीव भांड्यात पडला आणि तोंडही पडलं. मला हसू आलं, ते मी दाबलं.

मग ते खुर्चीत सावरून बसले. "घाई नको. फेरतपासणी करू आणि सोमवारी साहेबांच्या कानावर घालू. उगाच बोभाटा कशाला?"

आता मात्र मला संताप आला. "घरी फोन करायच्या आधी केलीत का फेरतपासणी?"

"माझी नोकरी जाईल गं."

"माझीही जाईल."

त्यांनी ते अकरावं पान पुन्हा पुढ्यात ओढलं. त्यांच्याबद्दल इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं. मग त्यांनी लहान मुलांच्या दवाखान्याचा नंबर फिरवला. तान्ह्या बाळांच्या वॉर्डातल्या सिस्टरनं फोन उचलला. तात्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, की चार महिने पाण्याचा आकडा चुकतोय, चूक माझी आहे, बाळांना हे पाणी देऊ नका.

"उकळून दिलं तर?"

"नाही. उकळून पाणी आटलं की नायट्रेट आणखी वाढतं."



"आमच्याकडे दोन बाळं निळी पडलीयेत," सिस्टर म्हणाल्या. "आठवडा झाला, डॉक्टर त्यांचं हृदय तपासताहेत. दोष काही सापडत नाहीये. आणि दूध आम्ही नळाच्याच पाण्यात कालवतोय."