कागदी लंगोट

झऱ्यात काहीतरी पांढरं फुगून बसलं होतं. पंचफुलाला आधी वाटलं, कुत्र्याचं पिल्लू पडून मेलं. काठीनं ओढून वर घेतलं तर ते फाटलं आणि आतला साबुदाण्यासारखा चिकट लगदा वाळूवर सांडला. वासानं तिनं तोंडाला पदर लावला.

"काय गं ते?" घागर घेऊन मागं उभ्या असलेल्या सासूनं, सरजाबाईनं विचारलं.

"माणिकरावांच्या घरचं. लेक बाळंत झालीय न्हवं? तिच्या दुबईच्या दिरानं कागदी लंगोट धाडलेत म्हणं. एकदा घातलं की फेकायचं."

वैशाखात ओढा आटला की बौद्ध वस्तीतल्या बाया वाळू उकरून असा झरा करायच्या आणि वाटीवाटीनं पाणी भरायच्या. माणिकरावांचं घर ओढ्याच्या वरच्या अंगाला, वस्ती खालच्या. काल वळवाची सर आली, तिनं वरचं खाली आणलं होतं. पंचफुलाच्या धाकट्या लेकीला सकाळपासून हगवण लागली होती. आता कारण समोरच पडलं होतं.

माणिकरावांच्या घरची बाळोती सरजाबाईनं वर्षानुवर्षं धुतली होती. नामांतराच्या दंगलीनंतर वस्तीनं असली कामं सोडली, तिनंही सोडली. पुढच्याच आठवड्यात सरजाबाईच्या घरची कडब्याची गंज पेटली. कुणी पेटवली, ते कधी कळलं नाही.

"जाऊ नको," सरजाबाई म्हणाली. "उगं कलागत व्हईल."

पण पंचफुलाचा जीव थाऱ्यावर नव्हता. ती तशीच माणिकरावांच्या परसदारी जाऊन उभी राहिली. त्यांची बायको सुमनबाई बाहेर आली.

"बाई, ते लंगोट ओढ्यात टाकू नका. आमच्या पाण्यात यायलेत. पोरगी आजारी पडलीय."

सुमनबाई ओशाळली. "मंग टाकू कुठं? चुलीत घातलं तर जळंना, पुरलं तर कुत्री उकरायलीत." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुझी सासू लय निर्मळ धुवायची. तू येत असलीस तर आजपासून बाळोतीच लावू."

पंचफुलानं पदर कमरेला खोचला.

"बाळोतीच लावा. पर धुवा तुमी. नातू तुमचा हाय."

"मी?" सुमनबाई म्हणाली. हे तिच्या मनात कधी आलंच नसावं. आत मूल रडायला लागलं, तशी ती गेली.

पंचफुला घरी आली. लेकीला मीठ-साखरेचं पाणी द्यायचं तर रांजणात त्याच झऱ्याचं पाणी. ती आत गेली, बाहेर आली, पुन्हा आत गेली. शेवटी खोरं आणि घागर उचलून ओढ्यानं वर चालू लागली. माणिकरावांचं परसदार मागं टाकलं, आणखी वर गेली. तिथं वस्तीतलं कुणी कधी पाण्याला गेलं नव्हतं. थोडं अंतर ठेवून सरजाबाई मागून येत होती.

पंचफुलानं वाळू उकरायला सुरुवात केली. आवाजानं सुमनबाई काठावर आली. हातात वापरलेल्या लंगोटाचं, कागदात गुंडाळलेलं बोचकं होतं.

"इथं कामून उकरायलीस?"

"खालचं पाणी प्यायजोगं राहिलं न्हाई."

सुमनबाईनं घराकडं वळून पाहिलं. कुणी आलं नाही. ते बोचकं कुठं ठेवावं हे न कळून ती तशीच उभी राहिली.

खड्ड्यात पाणी पाझरलं, गढूळ. पंचफुलानं ते उपसून टाकलं. पुन्हा पाझरलं, पुन्हा टाकलं. सरजाबाई लांब, अंग चोरून बसली होती. पाणी नितळलं तशी ती उठली, गुडघ्यावर हात ठेवत काठाशी आली आणि वाटी आपल्या हातानं बुडवली.