उभयपक्षी मान्य

"आधी दार लाव," हे म्हणाले.

"लावलंय. आ करा आता."

"कडी घाल."

घातली बाई कडी. नवरा तोंड उघडतोय की तिजोरी, काही कळेना! पेल्यातल्या पाण्यातून कवळी काढून मी ह्यांच्या हातात दिली. पुढचे दात ह्यांचे शाबूत होते. गेल्या होत्या त्या दाढा, खालच्या-वरच्या, दोन्ही बाजूंच्या. डॉक्टरांनी एकाच दिवसात सगळ्या काढल्या होत्या, आणि त्यासाठी आम्ही मावसबहिणीकडे जातोय असं शेजारी सांगून दुसऱ्या गावाला गेलो होतो. ह्यांनी कवळी बसवली, तोंड वाकडंतिकडं केलं, आरशात बघितलं.

"हसा बघू," मी म्हणाले. हे हसले. "झालं की. कुणाच्या बापाला कळणार नाही."

"मला कळेल ना," हे म्हणाले.

ह्यांची नोकरीच मुळी दाढांची होती. हसू नका, खरं सांगतेय. आम्ही सरहद्दीच्या नाक्यावर राहायचो. ह्या बाजूला आमचा नाका, मध्ये दोनशे पावलांची मोकळी जागा, पलीकडे त्यांचा. आमच्याकडे मका उदंड पिकतो, त्यांच्याकडे पाऊस पडला तर पडला. इथून लॉऱ्या भरून मका तिकडे जायचा. पण जायच्या आधी तो वाळलेला आहे की ओला, हे ठरायला लागायचं. ओला मका कोठारात गेला की त्याला बुरशी धरते, आणि ती पोटात गेली की हळूहळू विष होतं. शिजवून, भाजून जात नाही. पोरांना तर फारच वाईट.

आता ओलावा मोजायचं यंत्र आमच्याकडेही होतं आणि त्यांच्याकडेही. पण त्याच दाण्याला आमचं यंत्र तेरा टक्के म्हणायचं आणि त्यांचं पंधरा. आम्ही म्हणायचो, तुमचं बिघडलंय. ते म्हणायचे, तुमचं खोटं बोलतं. मग नमुने राजधानीच्या प्रयोगशाळेत जायचे, तीन आठवडे लॉऱ्या इथे उभ्या, आणि तोवर चांगला मकाही घाम धरून नासायचा. असं कित्येक वर्षं चाललं होतं. एकदा वैतागून ह्यांनी दोन्हीकडच्या साहेबांसमोर पाच दाणे दाढेखाली घेतले. कट्‌कन तुटले. "जाऊ दे," हे म्हणाले. दुसऱ्या लॉरीतले दाणे दबले, चिकटले. "नको." पुढे प्रयोगशाळेचे कागद आले ते ह्यांच्या बोलण्याबरहुकूम. तेव्हापासून यंत्रं राहिली बाजूला. दोन देशांचा करार झाला तेव्हा त्यात चक्क लिहिलं की 'उभयपक्षी मान्य तज्ज्ञाचा अभिप्राय अंतिम राहील'. तो तज्ज्ञ म्हणजे आमचे हे. आल्या दिवशी लॉरी पुढे जायला लागली. ड्रायव्हर लोक ह्यांना दातकाका म्हणायचे.

नाक्याच्या आवारात माझं चहाचं दुकान होतं, त्यामुळे सगळं डोळ्यांदेखत चालायचं. कवळी बसवल्यावर पहिल्याच दिवशी मी बघितलं, ह्यांनी दाणे तोंडात टाकले, चावले, आणि मग थांबले. एरवी कधी थांबायचे नाहीत. दाणे पुन्हा तोंडात टाकले. हातात घेऊन चोळले, हुंगले. "जाऊ दे," म्हणाले, पण माझ्याकडे बघितलं नाही.

संध्याकाळी भात कालवताना म्हणाले, "मला कळत नाही गं."

"काय कळत नाही?"

"तुटतंय की दबतंय. नुसता प्लास्टिकवर दगड आपटल्यासारखा आवाज येतो. साहेबांना सांगून टाकतो."

"आणि मग? उद्यापासून काय, प्रयोगशाळा? तिकडे दुष्काळ पडलाय, लोक रांगा लावून उभे आहेत. तुमचे चार महिने राहिलेत निवृत्तीला. हाताला कळतं, नाकाला कळतं. तीस वर्षं काय नुसतं तोंडच चालवलंत का? गप्प बसा."

हे गप्प बसले. माझं ऐकायचे नाहीत कधी, साधं स्वेटर घाला म्हटलं तर घालायचे नाहीत. नेमकं हेच ऐकलं.

पलीकडच्या नाक्यावरचे धान्य तपासनीस हे ह्यांचे जुने मित्र. मी त्यांना भाऊजी म्हणायची. रोज अकरा वाजता ती दोनशे पावलं चालत यायचे, आल्या आल्या "वहिनी, साखर कमी" म्हणायचे आणि दोन चमचे स्वतःच्या हाताने जास्त घालायचे. एका सोमवारी आले ते चहा न मागता सरळ ह्यांच्यापुढे उभे राहिले. हातात पिशवी होती. ती त्यांनी टेबलावर रिकामी केली. मका होता तो, पण हिरवट-राखाडी, एकमेकाला चिकटलेला. वास दुकानापर्यंत आला.

"तीन लॉऱ्या," भाऊजी म्हणाले. "कोठार उघडलं तर हे."

हे बघत राहिले. मग म्हणाले, "ताडपत्री फाटली असेल वाटेत."

तीस वर्षांच्या संसारात हे माझ्यासमोर पहिल्यांदा खोटं बोलले. आणि मी काय केलं? "हो, परवा वारा केवढा होता!" म्हणाले.

पण वाऱ्यावर कोण विश्वास ठेवणार? त्याच दुपारी तिकडून हुकूम आला, ह्या देशाचा मका बंद. फाटक लागलं. लॉऱ्या येतच राहिल्या. पाच दिवसांत आमच्या आवारात त्रेचाळीस झाल्या. आमच्या बऱ्याच होत्या, काही तिकडच्या, इकडे माल भरायला आलेल्या. ड्रायव्हर माझ्या दुकानात बसून एकमेकांच्या देशाचा उद्धार करायला लागले. "तुम्ही आम्हाला सडकं देता," "तुम्हाला फुकट गिळायला पाहिजे." कालपर्यंत एका पेल्यातून चहा पिणारी माणसं. आणि हे दिवसभर लॉऱ्यांमधून फिरायचे, पोत्यांवर हात ठेवायचे. रात्रीचं जेवण जवळजवळ सुटलं होतं.

सहाव्या दिवशी दोन्हीकडच्या साहेबांची बैठक आमच्या नाक्यावर झाली. मी चहा घेऊन आत गेले आणि ट्रे ठेवायच्या निमित्ताने तिथेच रेंगाळले. साहेबांची भांडणं आपल्यासारखीच असतात, फक्त खुर्च्या चांगल्या.

"तुमच्या कोठाराचं छप्पर गळतं, त्याला आम्ही काय करणार?" आमचे साहेब म्हणाले.

"छप्पर आत्ताच कसं गळायला लागलं? एवढी वर्षं नाही गळलं?" त्यांचे साहेब.

"मग लावा प्रयोगशाळा. तीन आठवडे."

"तीन आठवड्यांत आमच्या लोकांनी काय खायचं?"

भाऊजी उठले. "साहेब, मला विचाराल तर सोपं आहे," ते म्हणाले. "ह्यांच्यावर माझा विश्वास आहे. आत्ता बाहेर जाऊ, त्रेचाळीस लॉऱ्यांचे दाणे ह्यांनी चावून बघावेत. हे ज्याला जाऊ दे म्हणतील त्याला मी माझ्या सहीने फाटक उघडतो. काही झालं तर माझी नोकरी गेली म्हणा."

खोलीतली हवाच बदलली. त्यांच्या साहेबांनी मान हलवली. आमच्या साहेबांनी तर चहाचा कप उचलला, म्हणजे मिटलंच. सगळे ह्यांच्याकडे बघायला लागले.

एक शब्द, बास. जाऊ दे म्हणायचं आणि सगळं निभावलं. त्यातल्या चाळीस तरी लॉऱ्या चांगल्या असणारच. फाटक उघडेल, रांगेतल्या लोकांना खायला मिळेल, अब्रू राहील. मनातल्या मनात मी म्हणत होते, म्हणा हो, म्हणून टाका.

ह्यांनी तोंडात बोटं घातली. आधी खालची कवळी काढली, मग वरची. बशीतला कप बाजूला ठेवला आणि दोन्ही बशीत ठेवल्या.

"दाढा काढल्या मी," हे म्हणाले. "तेव्हापासून मला काही कळत नाही. सगळा मका वाईट नाही, साहेब. मीच अंदाजाने सांगत होतो."

त्या बशीकडे बघायचं नाही म्हणून आमचे साहेब खिडकीबाहेर बघत होते.

"कधी?" भाऊजींनी विचारलं.

"गेल्या महिन्याच्या सहा तारखेला," मी म्हणाले. "मीच गप्प बसा म्हटलं होतं, भाऊजी. ह्यांना सांगायचं होतं."

मी हे बोलले ते त्यांच्या कानात गेलंच नाही. त्यांनी सोडलेल्या लॉऱ्यांची नोंदवही ओढून घेतली होती आणि सहा तारखेपासून खाली बोट फिरवत होते. "दोनशे एकोणीस लॉऱ्या," ते म्हणाले. "तीन कोठारात सापडल्या. दोनशे सोळा..."

"दोनशे सोळांचं काय?" त्यांच्या साहेबांनी विचारलं.

"वाटल्या, साहेब. घरोघर गेल्या."

भाऊजी तसेच उठले आणि निघाले. ती दोनशे पावलं त्या वयात पळत गेले. टेलिफोन त्यांच्या नाक्यावर होता, गावोगाव कळवायचं होतं. जाताना ह्यांना एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते, चार शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं.

करार तिथेच थांबला. नमुने राजधानीला जायचे ठरले, तीन आठवडे. हे बाहेर आले आणि मला वाटलं घरी जातील. तर हे पहिल्या लॉरीपाशी गेले आणि दारावर थाप मारली. ड्रायव्हर खाली वाकला.

"लॉरी तीन आठवडे सुटणार नाही," हे म्हणाले. "माझ्यामुळे. माझ्या दाढा गेल्या होत्या, मी लपवलं."

मग दुसरी. मग तिसरी. साहेबांनी नोटीस लावलीच असती की, पण नाही. मी किटली घेऊन मागे मागे गेले. चहा कुणी घेतला नाही. एकाने शिवी हासडली, ती ह्यांनी पूर्ण ऐकून घेतली आणि मगच पुढे गेले. एकाला हसूच फुटलं. बऱ्याच जणांनी नुसती काच वर केली. दुपार टळली तरी ह्यांनी एकही लॉरी चुकवली नाही.

शेवटची लॉरी तिकडची होती. ड्रायव्हर तिशीतला असेल, डोक्याला रुमाल. त्याने सगळं ऐकलं आणि तो खाली उतरला. मला वाटलं, आता हा हात उचलणार. मी मध्ये झाले.

"काकू, थांबा. मला फक्त विचारायचंय," तो म्हणाला. तिकडच्या ड्रायव्हरांना प्रत्येक खेपेला एक पोतं घरी न्यायला मिळतं. "काका, मागच्या खेपेचं पोतं माझ्या घरी आहे. अर्धं संपलं. बायको सकाळ-संध्याकाळ तेच शिजवतेय. पोरं लहान आहेत, मोठा पाच वर्षांचा. उरलेलं देऊ का नको?"

"कुठल्या तारखेचं?" ह्यांनी विचारलं.

"वीस."

"नको," हे म्हणाले. "लगेच कळव तिला. टाकून दे म्हणावं."

त्याने मान हलवली. दाराला धरून उभा राहिला. मग शांतपणे, काही न समजलेलं माणूस विचारतं तसं, त्याने विचारलं, "मग काय देऊ?"

ह्यांनी तोंड उघडलं. मी वाट बघत होते, तोही बघत होता. पलीकडे फाटकाच्या मागे, पिशव्या घेऊन लोक उभे होते.